बावन्न रोलरांचे डोके

मित्रांनो, भात शिजवायचा टोप तुम्ही रोज पाहता. मी त्या जातीचा नव्हे. मी बायकांच्या डोक्यावर उतरणारा टोप आहे, आणि आता पुरता जुना झालो आहे. चाकांचा एक स्टँड, त्यावर पत्र्याचे उलटे भांडे, आत तारेचे वेटोळे आणि एक पंखा. बाजूला दोन कळा आहेत, एक उष्णतेची आणि एक वाऱ्याची. केस कुरळे करायला आलेली बाई डोक्याला रोलर लावून माझ्याखाली बसते, मी घुमू लागतो, आणि वेळ संपली की माझ्या अंगावरचे घड्याळ टिंग करते.

स्वतःची कहाणी सांगणाऱ्या वस्तू शेवटी सगळ्यांना क्षमा करून मोकळ्या होतात, असे मी ऐकले आहे. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. मी एका सुडाची गोष्ट सांगणार आहे. त्या सुडात माझा हात होता आणि मला त्याचा अजून आनंद वाटतो.

माझा जन्म दक्षिण कोरियातल्या देगू शहरातल्या एका कारखान्यात झाला. तिथून मी ट्रकने तोंगयोंगच्या बंदरात आलो. बाजारगल्लीत मालसून नावाच्या सत्तावीस वर्षांच्या बाईने नुकतेच केसांचे दुकान थाटले होते. तिचा नवरा मासेमारीच्या बोटीवर असायचा, महिन्यातून चार दिवस घरी. तिने मला ओल्या फडक्याने पुसले, भिंतीशी उभे केले, आणि पहिले डोके माझ्याखाली घातले ते स्वतःचे. गिऱ्हाइकाला भाजणार तर नाही ना, हे तिला आधी स्वतःवर पाहायचे होते. त्या दिवशी तिच्या डोक्यावर बावन्न रोलर बसले.

हा आकडा सांगतो त्याला कारण आहे. केस कोणी मोजत नाही. पण रोलर मोजता येतात, कारण ते लावताना हाताखालचा डबा रिकामा होत जातो. दाट केसांच्या बाईला पन्नासच्या वर लागतात. विरळ केसांना चाळीससुद्धा भारी होतात. दुकानात आलेल्या प्रत्येक डोक्याचा आकडा मालसूनच्या लक्षात असे. माझ्याही असे.

ती वर्षे फार चांगली गेली. पितरांचा छुसोकचा सण जवळ आला की गल्लीतल्या बाया टोळीने येत. शिंपल्यातली कालवे सोलणाऱ्या, मासे विकणाऱ्या, जाळी विणणाऱ्या. दुकानाच्या मागे एक छोटी खोली होती. तिची जमीन खालून गरम केलेली असे. रोलर लावून झालेल्या बाया आपली वेळ येईपर्यंत त्या खोलीत पाय पसरून बसत, उकडलेली रताळी आणि आंबवलेल्या कोबीची तिखट किमची खात. खोलीच्या दाराबाहेर पायरीवर त्यांचे जोडे रांगेत लागलेले असत. आत किती जणी आहेत ते जोडे मोजून कळायचे.

माझ्याखाली बसणाऱ्या बाईचे मात्र वेगळेच होते. माझ्या घुमण्यात तिला स्वतःचा आवाज ऐकू येत नसे. तिला वाटे, आपण कानात सांगतो आहोत. प्रत्यक्षात अर्धी गल्ली ऐकत असे. कालवांच्या शेडमधली चोमदोक एकदा माझ्याखाली बसून ओरडली होती, "माझी सासू ना, मी मेल्याशिवाय काही मरायची नाही." सासू शेजारच्या खुर्चीत बसून चहा पीत होती. ती म्हणाली, "तुझं डोकं वाळू दे, मग घरी बोलू." लोक महिनाभर हसत होते.

मग यंगिम आली. वय तेहेतीस, हात चपळ, तोंड गोड. मालसूनहून चार वर्षांनी लहान, म्हणून ती तिला 'ओन्नी' म्हणे, म्हणजे थोरली बहीण. रोलर कसा धरायचा, बट किती रुंद घ्यायची, कुरळे करायचे औषध टाळूला न लागता केसाला कसे लावायचे, हे सगळे मालसूनने तिला हात धरून शिकवले. नऊ वर्षे ती आमच्या दुकानात होती. मला ती 'थेरडा' म्हणायची आणि माझे चाक अडले की लाथ घालायची. त्याचा राग मी धरला नाही. लाथेने मी चालूही व्हायचो.

मालसूनला सेहेचाळिसावे लागले तेव्हाची गोष्ट. तिच्या डोक्यावर बावन्नचे सत्तेचाळीस झाले. पाच-सहा महिन्यांत एक्केचाळीस. भांगाची रेघ आधी दोऱ्याएवढी होती, ती बोटाएवढी झाली. झाडू मारताना गिऱ्हाइकांच्या केसांत तिचे केस वेगळे ओळखू येत, कारण ते बारीक झाले होते आणि मुळाशी पांढरा ठिपका घेऊन गळत. थंडीत काम करताना तिचा चेहरा अचानक लाल व्हायचा आणि कपाळावर घाम फुटायचा. हातांची कातडी कागदासारखी कोरडी पडली. पाठीला खाज सुटायची, ती माझ्या स्टँडला पाठ घासायची. हनुवटीवर दोन राठ केस उगवले. ते ती रोज सकाळी चिमट्याने उपटायची आणि आरशाकडे रागाने बघायची.

आमच्या गल्लीत विरळ केसांवर सगळ्यांना एकच उपाय माहीत होता. आणखी घट्ट कुरळे करायचे, आणखी बारीक रोलर वापरायचे, आणि सहा महिन्यांऐवजी दोन महिन्यांनी करायचे. केस फुगले की टाळू झाकते. मालसून दुसऱ्यांचे हेच करत आली होती, तिने स्वतःचेही तेच केले. एकदा, दोनदा, पाचदा. प्रत्येक वेळी औषध त्या पातळ केसांना थोडे अधिक खाई, आणि मी वरून तापत असे. शेवटी कानाच्या मागे दोन ठिकाणी केस तुटून टक्कल दिसू लागले. हा माझा दोष आहे, मित्रांनो. मी तो लपवत नाही.

त्या शरद ऋतूत सरकारी आरोग्य केंद्राच्या डॉक्टर नाम केस कापायला आल्या. शांत बाई. त्यांचे केस कापता कापता मालसूनने आरशातच विचारले, "डॉक्टर, मला काही रोग झालाय का? खरं सांगा."

डॉक्टरांनी तिला खुर्चीत बसवले. फणीच्या टोकाने भांग पाडून पाहिला. दुकानात उजेड कमी होता, म्हणून यंगिमने बॅटरी धरली. हे लक्षात ठेवा. बॅटरी यंगिमच्या हातात होती आणि तिचे कान डॉक्टरांच्या तोंडापासून हातभर अंतरावर होते.

"पाळी कशी येते?"

"येते कधी वीस दिवसांनी, कधी दोन महिन्यांनी. येते तेव्हा पूर."

"झोप?"

"झोप कसली. पांघरूण घेते, फेकते, घेते, फेकते. बोटीवरून नवरा आला की तोच पळून जातो."

डॉक्टर हसल्या. मग म्हणाल्या, "हा रोग नाही. पाळी जायच्या आधीची काही वर्षं अशी असतात. कोणाची चार, कोणाची त्याहून जास्त. अंगातलं संप्रेरक एक दिवस वर, एक दिवस खाली. त्यामुळे केस वाढण्याचा काळ आखूड होतो, आणि नवा केस येतो तो बारीक येतो. कातडीतलं तेल कमी होतं, पाणी टिकत नाही, म्हणून खाज. हनुवटीवरचे केसही त्यातलेच. कोणाला लागत नाही हे, कोणाकडून येत नाही."

"मग कानामागचं?"

"ते तुम्ही केलंत. औषधानं आणि या यंत्रानं. आता वर्षभर तरी घट्ट रोलर नको. आंघोळीला गेल्यावर खरखरीत कापडानं अंग सोलून काढता ना सगळ्या जणी? तेही बंद. साधं मलम लावा, ओल्या अंगावर. आणि रक्त तपासून घ्या. थायरॉइड बिघडलं किंवा लोह कमी असलं तरी केस जातात, ते आधी बघू."

रक्ताचा अहवाल आठवड्याने आला. लोह थोडे कमी होते, बाकी सगळे ठीक. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. पुढच्या वसंतात त्यांची दुसऱ्या जिल्ह्यात बदली झाली. म्हणजे त्या दिवशी दुकानात काय बोलले गेले, हे जाणणारे गावात तिघेच उरले. मालसून, यंगिम आणि मी. मला बोलता येत नाही.

नव्या वर्षाच्या सणानंतर यंगिमने काम सोडले आणि सार्वजनिक स्नानगृहाला लागून स्वतःचे दुकान काढले. आरसे नवे, खुर्च्या नव्या, यंत्रे नवी. त्याबद्दलही माझी तक्रार नाही. शिकलेल्या माणसाने दुकान काढावे. मालसूनने तर तिला रोलरांचा एक डबा भेट दिला.

पण त्या दुकानाला गिऱ्हाईक मिळेना. गल्लीतल्या बाया सवयीने आमच्याकडेच येत. मग हळूहळू त्या येईनाशा झाल्या. आधी मला कळेना का. एके दिवशी जाळी विणणारी एक म्हातारी माझ्याखाली बसली आणि तिला वाटले तसे हळूच, म्हणजे ओरडून, तिने विचारले, "मालसून, तुला डोक्याचा संसर्ग आहे म्हणे? यंगिम सांगत होती, तुझ्या औषधानं टक्कल पडतं, बघा तिचंच डोकं. आणि हाताला कातडीचा रोग आहे म्हणून हातमोजे घालतेस. खरं का गं?"

मालसूनचे हात थांबले. त्या दिवसांत कोरड्या कातडीला भेगा पडल्या होत्या, म्हणून ती खरोखरच हातमोजे घालत होती. ती म्हणाली, "नाही आजी. हे वयाचं आहे." म्हातारी म्हणाली, "वय तर मलाही झालं." आणि पुन्हा आली नाही.

दिवसाला अकरा डोकी माझ्याखाली येत. ती दोनवर आली, मग आठवड्याला दोनवर. मालसूनने काही जणींना खरे सांगून पाहिले. पण ज्याच्यावर आळ आहे त्याचे खरे कोण ऐकतो? डॉक्टर गावात नव्हत्या. यंगिमकडे ती एकदा गेली. परत आली तेव्हा कोट न काढता गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली आणि मला म्हणाली, कारण दुसरे कोणी नव्हते, "म्हणते, 'ओन्नी, मी कुठं काय बोलले? लोक बोलतात.'"

मग दुकान तगवायला ती हिवाळ्यात सकाळी कालवांच्या शेडमध्ये सोलायला उभी राहू लागली. समुद्राच्या पाण्याने भिजलेली कालवे आणि भेगाळलेले हात. त्याहून वाईट म्हणजे तिथल्या बायांनी तिचा पेला वेगळा ठेवला. सगळ्यांचे पेले एका फळीवर, तिचा खिडकीत. चार हिवाळे. दुपारी दुकान उघडून ती माझ्यावरची धूळ पुसायची. मी थंड असायचो. पत्रा थंड असला तरी आतला राग थंड होतो असे नाही. मी रोज एकच इच्छा करत होतो. यंगिमचे डोके एकदा माझ्याखाली येऊ दे. एकदाच. उष्णतेची कळ शेवटपर्यंत फिरवून तिची टाळू भाजून काढीन.

त्या चार वर्षांत एक मात्र झाले. गिऱ्हाईक नाही आणि मनही नाही, म्हणून मालसूनने स्वतःचे केस कुरळे करणे सोडले. आखूड कापले. गेलेले सगळे परत आले नाहीत, पण तुटणे थांबले आणि कानामागे नवे केस आले. पन्नाशीला तिची पाळी गेली, चेहऱ्यावरची लाली कमी झाली. डोके साधे, नीट दिसू लागले.

त्या वर्षी छुसोकच्या चार दिवस आधी यंगिमच्या दुकानावर पाटी लागली, 'दुरुस्तीसाठी बंद'. सणाला केस कुरळे केल्याशिवाय पितरांपुढे उभे कसे राहायचे? बायांची पंचाईत झाली. शेवटी चोमदोक पाच जणींना घेऊन आमच्या दारात आली. प्रत्येकीने स्वतःचा टॉवेल आणला होता.

"तुझे टॉवेल नकोत," चोमदोक म्हणाली. "राग मानू नको."

"मानते," मालसून म्हणाली. "बसा."

तिने सहाही जणींचे केस धुतले. दोघींचे सगळे आटोपले, दुकानात औषधाचा उग्र वास भरला. त्या दोघी रताळ्यांच्या आशेने थांबल्या. चौघींचे रोलर लावून झाले, औषध लावायचे बाकी होते. सगळ्या मागच्या खोलीत बसल्या होत्या. एवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला. मालसूनने उचलला. पलीकडचा आवाज मला ऐकू येत होता.

"ओन्नी, मी यंगिम. दुकानात कोणी आहे का?"

मालसूनने उघड्या दारातून सहा डोक्यांकडे पाहिले. मग पायरीवरच्या सहा जोड जोड्यांकडे.

"कोणी नाही," ती म्हणाली. "का?"

"मागच्या गल्लीकडच्या दारानं येऊ का? कोणाला कळता कामा नये."

"ये."

तिने फोन ठेवला, खोलीच्या दारात गेली आणि शांतपणे म्हणाली, "आपापले जोडे आत घ्या."

मित्रांनो, त्या गावात जोडे खोलीत नेणे म्हणजे चुलीत थुंकण्यासारखे आहे. चोमदोक म्हणाली, "वेड लागलं का तुला?"

"खाली वर्तमानपत्र घ्या आणि मांडीवर धरा. दहा मिनिटं एक शब्द बोलू नका. नंतर मला हवं ते बोला." असे म्हणून तिने कागदी दार ओढून घेतले.

यंगिम आली ती डोक्याला रुमाल बांधून. आत पाऊल टाकताच तिने पहिल्यांदा पायरीकडे पाहिले. नऊ वर्षे ती या दुकानात होती, कुठे पाहायचे ते तिला ठाऊक होते. पायरी रिकामी होती. तिने सुटकेचा श्वास सोडला आणि रुमाल काढला.

भांग बोटाहून रुंद झाला होता. कपाळाच्या वर टाळू लाल, सोललेली. गालांवर कोरडे पापुद्रे, हनुवटीला मुरमे. तिचे वय सेहेचाळीस.

"दर दोन महिन्यांनी केलेस ना? बारीक रोलर लावून?" मालसूनने विचारले.

"मग काय करणार? केसांचं दुकान माझं, आणि मीच अशी. ओन्नी, तुझं डोकं बरं झालं. मला दिसलं बाजारात. माझंही कर. सणाला नुसतं झाकेल इतकं कर, हलकं."

"बस."

मालसूनने तिला खुर्चीत बसवून रोलर लावले. मी मोजले. पस्तीस. मग भांड्यातून काही तरी केसांवर लावले आणि तिला माझ्याखाली आणले. माझे वेटोळे अधीर झाले होते. आता कळ फिरव, मालसून. शेवटपर्यंत फिरव.

तिने उष्णतेची कळ बंद ठेवली. वाऱ्याची मात्र टोकापर्यंत फिरवली.

क्षणभर मला समजले नाही. मग समजले, आणि मी जन्मात घुमलो नव्हतो तसा घुमलो. सुटलेली पाती पत्र्यावर आपटू लागली. मालसून वाकली आणि टोपाच्या कडेला तोंड नेऊन म्हणाली, "तुझ्याकडून एक हवंय. डॉक्टर नाम तेव्हा काय म्हणाल्या होत्या? बॅटरी तूच धरली होतीस. माझ्या नीट लक्षात नाही. तुला तेच करायला हवं आता."

"त्या म्हणाल्या," यंगिम कुजबुजली, आणि भिंतीवरचे कॅलेंडर हलले, "रोगबिग काही नाही! पाळी जायच्या आधी असं होतं! केस बारीक येतात! कातडी सुकते!"

"आणि लागण?"

"लागत नाही म्हणाल्या! कोणाला नाही! मलम लावा म्हणाल्या, आणि घट्ट रोलर नको!"

"म्हणजे माझ्या औषधानं कोणाला टक्कल पडत नव्हतं."

"नाही गं! तुझं औषध आणि माझं औषध एकाच दुकानातलं!"

"हातालाही रोग नव्हता."

"भेगा होत्या त्या! मला माहीत नाही का?"

"मग बाजारात तसं का सांगितलंस?"

यंगिमने नजर वर केली. आरशात तिने मालसूनकडे पाहिले. मालसूनच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती टॉवेलची घडी घालत होती. बहुधा त्यामुळेच यंगिमला धीर आला.

"दुकान नवं होतं ओन्नी! गिऱ्हाईक कुठून आणणार? तुझं डोकं आयतं समोर होतं! मी एकदा बोलले, पुढं लोकांनीच वाढवलं! आणि तू तगलीस की! तुला कालवांचं काम मिळालं! मी दोन पोरींना शिकवत होते, माझं..."

कागदी दार सरकले. यंगिमला ते ऐकू आले नाही. तिला ते आरशात दिसले. सहा बाया, मांडीवर जोडे, चौघींच्या डोक्याला रोलर, आणि चोमदोकच्या हातात अर्धे खाल्लेले रताळे.

"बोल की गं," चोमदोक म्हणाली. "थांबलीस का? इकडं वारा नाही, आम्हाला स्वच्छ ऐकू येतंय."

मालसूनने मला बंद केले. अचानक इतके शांत झाले की यंगिमच्या डोक्यातून पाण्याचा थेंब जमिनीवर पडला तो ऐकू आला.

"ओन्नी, हे तू मुद्दाम केलंस."

"हो."

एवढेच. खोलीतल्या बायांना मात्र तोंड फुटले. चार वर्षे ज्या जिभांनी मालसूनला सोलले होते, त्याच आता यंगिमकडे वळल्या. "टाळू बघा कशी चमकते, दिवा लावायला नको," एक म्हणाली. "हिला वेगळा पेला द्या," दुसरी म्हणाली. सगळ्या खिदळल्या. मीही आतून खिदळलो. मला हे हवेच होते.

"तिच्या डोक्याला हसायचं नाही," मालसून म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण हसणे तुटले. "हसायचं तर तिच्या तोंडाला हसा. डोकं तुम्हा सगळ्यांचं तेच होणार आहे. तुमच्यातल्या चौघींचं झालंय. रोलर मी लावलेत आत्ता. आकडे सांगू?"

कोणी आकडे मागितले नाहीत. जोडे खाली ठेवायचे कुठे, हे कळेना म्हणून त्या तशाच मांडीवर धरून बसल्या.

मालसूनने यंगिमचे रोलर एकेक करून काढले. केस सरळच होते. "औषध लावलंच नाही," ती म्हणाली. "नुसतं पाणी होतं. या टाळूला औषध लागलं असतं तर महिनाभर उशीला डोकं टेकलं नसतं." मग तिने कात्री घेतली आणि तिचे केस आखूड कापले. उत्तम कापले. मला वाटले होते, वाकडे कापेल. पण वाकडे कापले असते तर गल्ली म्हणाली असती की मालसूनचा हात गेला. तिने तेवढीही संधी दिली नाही.

यंगिम उठली, रुमालासाठी हात पुढे केला. रुमाल मालसूनच्या हातात होता.

"रुमाल कशाला?" मालसून म्हणाली. "रोग थोडाच आहे?"

तिने बाजाराकडचे पुढचे दार उघडून धरले. भर दुपार होती, सणाची गर्दी होती. यंगिम तशीच गेली. तिच्यामागे चोमदोक दारात जाऊन उभी राहिली, आणि चोमदोक एखादी गोष्ट ऐकते तेव्हा ती संध्याकाळपर्यंत धक्क्यावरच्या शेवटच्या बोटीला कळते. यंगिमचे दुकान पुन्हा उघडले, पण त्यात कोणी बसले नाही. हिवाळ्यापर्यंत यंगिमने ते विकले आणि खाडीपलीकडच्या बेटावर बहिणीकडे राहायला गेली. तिची नवी यंत्रे ट्रकमध्ये चढताना आमच्या काचेतून मला दिसली. मला गहिवर वगैरे काही आला नाही.

आमच्या दुकानात पुन्हा जोड्यांची रांग लागली. पण मित्रांनो, त्या दिवशी सगळ्या निघून गेल्यावर चोमदोक मागे रेंगाळली होती. तिने विचारले, "माझे किती लागले?"

"छत्तीस."

"आणि आधी?"

"पोरगी झाली त्या वर्षी एकोणपन्नास."

चोमदोकने डोक्याला हात लावला. "मग आता?"

"आता घट्ट बंद. कापून देते नीट. आणि पाठ खाजते ना तुझी? आंघोळीला गेलीस की सोलू नको ती."

तशी एकेक करून सगळ्यांची घट्ट रोलरांची सवय मालसूनने सोडवली. डॉक्टरांचे शब्द ती प्रत्येकीला सांगे, रक्त तपासायला पाठवे. तापलेल्या टोपाची गरज कमी होत गेली. आधी माझी उष्णता बंद झाली, मग वारा. मग माझ्यावर टॉवेल वाळत पडू लागले. आता मी मागच्या खोलीच्या कोपऱ्यात उभा आहे. माझी चाके गंजली आहेत, घड्याळ टिंग करत नाही. ज्या सुडासाठी मी जीव तोडून घुमलो, त्यानेच माझे काम संपवले. चालेल. पुन्हा तसाच प्रसंग आला तर मी पुन्हा तसाच घुमेन.

तुमच्याकडे एक मागणे आहे. तुमची आई, मावशी, शाळेतल्या बाई, कोणी तरी चाळिशी ओलांडेल. न्हाणीच्या जाळीत केस साचतील. हात खरखरीत लागतील. ती भर थंडीत पंखा लावील आणि आरशापुढे जास्त वेळ उभी राहील. तेव्हा तिच्या केसांवरून विनोद करू नका. तिला डॉक्टरकडे जायला सोबत करा, मलम संपले असेल तर आणून द्या, आणि तिच्याबद्दल जे काही तुमच्या कानावर विश्वासाने पडेल, ते बाहेर नेऊन विकू नका.

विकलेत, तर मी काही धावून येणार नाही. पण वय सगळ्यांना येते. तुम्हालाही कधी तरी कोणाच्या तरी हाताखाली मान खाली घालून बसावे लागेल, टाळू उघडी टाकून. तुमचे नाव त्या हाताच्या लक्षात असेल.